कवडीटोल्याचं फाटक

१

नकाशावर रस्ता उघडा होता. सिहोऱ्याहून निघालेली निळी रेघ नहराचा पूल ओलांडून, तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, सरळ कवडीटोल्यात शिरत होती. सहा किलोमीटर, अकरा मिनिटं.

"आता दाखवा," मोतीलालभाऊ म्हणाले, "कुठं बंद आहे?"

रुचिकानं कडेवरच्या मोनूला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि टेबलावरच्या मोबाईलवर पुन्हा वाकून पाहिलं. मोबाईल तिच्या नवऱ्याचा होता, कुंदनचा. तो पंधरा दिवसांपासून वैनतीर सेवा मंडळाची रुग्णवाहिका चालवत होता आणि मोतीलालभाऊ त्या मंडळाचे सचिव. कुंदन मूळचा वरठीचा. या भागातले रस्ते त्याला अजून तोंडपाठ नव्हते.

काल, शुक्रवारी, कवडीटोल्याच्या आनंदाबाईंना भाताची रोवणी करताना बांधीतच, म्हणजे खाचरातच, साप चावला. तीन वाजता फोन आला. कुंदन लगेच निघाला, तरी पोहोचायला चार वाजले. दवाखान्याच्या पायरीपर्यंत आनंदाबाईंचा श्वास होता. आत नेईपर्यंत नव्हता.

"काल याच मोबाईलनं मले बपेऱ्याकडून फिरवलं, भाऊ," कुंदन म्हणाला. "एकवीस किलोमीटर, सारा चिखल. पारीवरच्या रस्त्यानं तो जाऊच देत नव्हता."

"मंग आज कसा जाऊ देते? रातभरात सडक उगवली का?"

"सकाळी तुम्हीच मोबाईल घेतला अन नवा नकाशा उतरवला."

"जुना दिसला म्हणून उतरवला. माझं काही चुकलं का?" मोतीलालभाऊंचा आवाज चढला नव्हता, आणि रुचिकाला त्याचीच जास्त भीती वाटली. "लोक म्हणून राहिले, डायवर पानठेल्यावर उभा होता. यादोरावनं तक्रार देली आहे. बायको गेली त्याची. सोमवारी अकराले बैठक आहे. तवरक काही दाखवता आलं तर दाखवा, नाही तर चावी इथं ठेवा. पुढचं पोलीस पाहतील."

मंडळाच्या कचेरीतून बाहेर येताच तिच्या तोंडून गेलंच, "अहो, खरंच कुठं थांबले नव्हते ना?"

कुंदननं तिच्याकडे नुसतं पाहिलं. "तू पण?"

तिला स्वतःचीच चीड आली. पण स्वभावाला औषध नसतं. गॅसची कळ तीनदा बघणारी बाई ती. मोनू झोपला की त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास मोजणारी. आणि हा नकाशा पंधरा दिवसांपूर्वी कुंदनच्या मोबाईलमध्ये तिनंच उतरवून दिला होता. गावात नेटवर्क येतं-जातं, हा बिनानेटचाही चालतो, असं सांगून.

तो नकाशा कुठल्या एका कंपनीचा नव्हता. ज्याला जो रस्ता माहीत, त्यानं तो काढायचा. कुठे जाता येतं, कुठे नाही, ते लिहायचं. बी.एस्सी. झालेल्या रुचिकानं दोन वर्षांत सिहोऱ्याच्या आजूबाजूच्या कितीतरी पांदणी, शेतवाटा त्यावर चढवल्या होत्या. तिला एक पक्कं ठाऊक होतं: हा नकाशा काही विसरत नाही. कोणी काय पुसलं, कधी पुसलं, तेही तो लिहून ठेवतो.

घराच्या ओट्यावर बसून तिनं त्या रस्त्याचा इतिहास उघडला. हिवाळ्यापासून एकही बदल नव्हता. म्हणजे कुंदन...?

मग तिला सुचलं, रस्ता म्हणजे नुसती रेघ नसते. रेघेवर ठिपके असतात: पूल, गतिरोधक, फाटक. तिनं पुसलेले ठिपके शोधले. एक सापडला.

फाटक. प्रवेश बंद. जोडलं बारा जुलैला, सकाळी आठ बेचाळीसला. पुसलं काल, पाच ऑगस्टला, संध्याकाळी सहा दहाला.

कुंदनच्या मोबाईलमधला नकाशा एकवीस जुलैचा. तो खोटं बोलत नव्हता!

पण तिचा आनंद पुढच्या ओळीवर नजर जाईपर्यंतच टिकला. जोडणाऱ्याचं आणि पुसणाऱ्याचं खातं एकच होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं.

२

तिचं, म्हणजे नकाशा काढणाऱ्या तिच्या गटाचं. गटात चौघं: ती, संजीव, रेणू आणि कामिनी. पहिल्या दिवशी वाचनालयातलं नेट रडत होतं, कसंबसं एकच खातं उघडलं. 'मग वेगवेगळी करू' म्हणाले आणि राहूनच गेलं; नंतर आलेल्यांनीही तेच वापरलं. खातं एक आणि हात चार. आता त्या चार हातांतला कोणता?

आपण नाही, इतकं तिला माहीत होतं. उरले तीन.

दुसरी गोष्ट वेळेची. काल कुंदन आठ वाजता घरी आला, तेव्हा त्यानं नकाशाचं पहिल्यांदा सांगितलं. सहा दहाला तर मंडळातले लोकसुद्धा 'डायवर कुठं तरी थांबला' एवढंच म्हणत होते. गाडी नकाशामुळे फिरली हे ज्याला सहा दहाला कळलं होतं, त्याला आपण काय करून ठेवलंय हेही कळलं होतं.

संजीव बापाच्या सायकल दुकानात बसून ट्यूब पाण्यात बुडवत होता. पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, गटातला सगळ्यात हुशार, आणि ते सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"मी?" तो हसला. "रुचिकाताई, मी फाटक टाकलं असतं तर कुलूप कोणत्या कंपनीचं तेही लिवलं असतं. नुसतं 'फाटक, बंद'? हे कच्च्या लिंबूचं काम आहे."

"काल संध्याकाळी कुठं होता?"

"इथंच. विचारा बाबाले. तीन पंक्चर, एक चेन." मग त्याचा चेहरा उतरला. "थांबा. बाईच्या मरणाशी याचा संबंध आहे का?"

तिनं सांगितलं. त्यानं हात पुसले, आत जाऊन लॅपटॉप आणला. गटातल्या प्रत्येकाचं काम तो गुपचूप तपासत असे, चुका काढायला. आज त्याच्या त्या खोडीचा उपयोग झाला. फाटकासोबत जोडलेला फोटो त्याच्याजवळ राहिला होता.

फोटोत फाटक नव्हतंच. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन बेचके रोवलेले, त्यांवर आडवा हिरवा बांबू. बांबूला पानांच्या पुष्कळ दोऱ्या लटकत होत्या. पलीकडे नहराच्या पुलाचा पांढरा कठडा.

"तोरणासारखं काही तरी आहे," संजीव म्हणाला. "पण रस्ता अडवणारा त्या बाजूले एकच माणूस आहे, ताई. घनश्यामभाऊ. मागच्या वर्षी त्यानं तिथं साखळी लावली होती. वीटभट्टीसमोरून कोणी जाऊ नये म्हणून."

घनश्याम म्हणजे रेणूचा बाप.

३

रविवारी सकाळी उघाड होती. मोनूला पाठीशी बांधून रुचिका स्कूटीनं नहराच्या पुलाशी पोहोचली. पावसाळ्यात भट्टी बंद असते. विटांच्या ढिगांवर ताडपत्र्या, आणि शेजारी घनश्यामचं घर. रेणू अंगणात केस वाळवत होती. रुचिकाला पाहून तिचा हात केसांतच थांबला.

"फाटकाचं विचारायले आल्या न?" ती म्हणाली. "संजीवचा फोन आला होता. मी नाही टाकलं, ताई."

"बाबांनी सांगितलं होतं का कधी, रस्ता बंद दाखव म्हणून?"

रेणूनं खाली पाहिलं. "सांगितलं होतं. हिवाळ्यात. म्हणे, खाजगी लिव, ट्रॅक्टरवाले येणार नाही. मी लिवलं. अर्ध्या तासानं मलेच कसंतरी वाटलं न मी काढलं. आपल्या गावाचा रस्ता आहे तो, आमच्या बापाचा नाही."

"शुक्रवारी गाडी इथून गेली नाही, हे तुला कळलं होतं?"

"कळलं होतं. आनंदाकाकूले साप चावला म्हणून फोन आला, मी पुलावरच उभी होती, गाडीले हात द्यायले. आलीच नाही." तिचे डोळे भरले. "तुम्ही माह्याकडे असं काहून पाहून राहिल्या?"

कारण सहा दहाला हिलाही माहीत होतं. बापाचा हेतू, हिचे हात, आणि गाडी आली नाही याची खबर. सगळं जुळत होतं. रुचिकाला ते इतकं नीट जुळलेलं आवडलं नाही.

तिनं मोबाईलवरचा फोटो डोळ्यांसमोर धरला आणि रस्त्यावर उभी राहिली. पुलाकडून गावाकडे पाहिलं. समोर तलावाची पार, पारीवर मोहाची दोन झाडं. फोटोत ती नव्हती. ती पारीच्या तोंडापर्यंत चालत गेली. तिथे रस्त्याच्या कडेला बेचके रोवल्याचे दोन खड्डे होते, पाण्यानं भरलेले. ते ओलांडून ती पलीकडे गेली आणि मागे वळली.

आता पुलाचा कठडा फोटोत होता तसाच, तिथेच दिसत होता.

फोटो काढणारा माणूस बांबूच्या आत उभा होता. गावाकडच्या बाजूला.

"रेणू," तिनं हाक मारली, "त्या दिवशी तू या बाजूला आली होतीस?"

"कोणत्या, बांबूच्या दिवशी? छे!" रेणू जवळजवळ दचकली. "त्या दिवशी कोण येऊ देते आतमंदी? यादोरावकाकाले विचारा."

४

यादोरावांच्या घरी ओसरीवर चारसहा माणसं गप्प बसली होती. रुचिकानं आपण कोणाची बायको ते लपवलं नाही. एकदोघांनी मान फिरवली. एका म्हाताऱ्यानं पानाची पिंक टाकली.

पाणी घेऊन सून बाहेर आली. कामिनी. भंडाऱ्याची, विणकराच्या घरची पोर; मे महिन्यात लग्न होऊन आली होती आणि जूनपासून गटात. शिकायची हौस इतकी, की पहिल्याच आठवड्यात गावातला एक-एक हातपंप तिनं नकाशावर टाकला होता. आज पदर कपाळाखाली ओढलेला होता.

"कामिनी, बारा जुलैला तू इथंच होतीस का गं?" रुचिकानं हळूच विचारलं.

"नाही ताई. मी माहेरी होती. तेराले आली." तांब्या खाली ठेवताना पाणी सांडलं. "काहून?"

"सहजच."

यादोराव तिला घेऊन पारीवर आले. घरात दम कोंडतो म्हणाले. साठीचा उंच माणूस, डोळे दोन दिवस न झोपलेले. "डायवर चांगला आहे म्हणायले आली असंल तू," ते म्हणाले. "चांगला असंल. माही बाई घंटाभर वाट पाहत पडली होती."

रुचिकानं फोटो पुढे केला. "काका, हे काय आहे?"

त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "हे? हे गावबांधणी. आखाडातली. सूर्य निघाच्या आंधी शिवंवर बांबू रोवाचा. दिवस बुडेपर्यंत आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. रोगराई राहते शिवंबाहेर. जावई आला तरी पुलावरच बसून राहते." त्यांच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. "दिवस बुडला का मीच काढतो बांबू. एका दिवसाचं काम."

एका दिवसाचं. आणि नकाशावर ते पंचवीस दिवस राहिलं.

"आणि या पानांच्या दोऱ्या?"

"घरपरत एक दोरी. त्या दिवशी घरात जितके जीव, तितके पानं. बाहेरगावी असलेल्याचं पान नाही ओवत. त्याचं रक्षण तिकडचा देव करते." त्यांचं जाड बोट पडद्यावर थांबलं. "हे आमची. पिवळ्या सुताची. आनंदाबाईनं ओवली. सुनेच्या माहेरचं सूत, म्हणे शोभून दिसते." ते मोजू लागले, जसा माणूस गेलेल्याच्या हातचं काहीही मोजतो. "एक. दोन. तीन. चार."

रुचिकानं घरातली माणसं मोजली. यादोराव, आनंदाबाई, त्यांचा मुलगा. आणि चौथं पान?

यादोरावांना काहीच खटकलं नव्हतं. ते तलावाकडे पाहत होते.

५

घरामागच्या सांदवाडीत कामिनी भांडी घासत होती. रुचिका मोनूला घेऊन तिच्यासमोर उकिडवी बसली.

"बारा तारखेला तू इथंच होतीस," ती म्हणाली. "फोटो बांबूच्या आतून काढलाय. त्या दिवशी आत कोणी येऊ शकत नव्हतं. संजीव सिहोऱ्यात, रेणू पुलापलीकडे. आपल्या गटातलं आत एकच माणूस होतं. आणि तुझ्या सासूबाईंनी दोरीत तुझं पान ओवलंय."

कामिनीचा हात राखेत थांबला. मग तिच्या घशातून असा आवाज आला, की मोनूसुद्धा खेळायचा थांबून बघू लागला.

"मले काय माहीत, ताई, का तो एका दिवसाचा असते? आमच्या भंडाऱ्यात असं काही नाही. मी पहिल्यांदा पाह्यलं. सारेजण सांगत, इथून जायचं नाही, म्हणजे नाही. मले वाटलं, रस्ताच बंद केला. दुसऱ्या दिवशी बांबू नव्हता, तं वाटलं, कधी लावत असतील, कधी काढत असतील." तिनं मान वर केली. "मी तुम्हाले विचारलं होतं. ग्रुपवर. रस्त्यावर आडवा बांबू आहे, काय टाकू? तुम्ही लिवलं, जे दिसते ते टाक, फाटक लिव."

रुचिकाला आठवलं. बारा जुलै. मोनूला एकशे दोन ताप. एका हातानं कपाळावर पट्टी, एका हातानं मोबाईल. फोटो न उघडताच तिनं उत्तर दिलं होतं.

"शुक्रवारी मी दारात उभी होती," कामिनी पुटपुटली. "आत्याबाईचं डोकं मामाजीच्या मांडीवर. त्या म्हणत होत्या, कामिनी, गाडी दिसते का वं? मी पारीकडे डोळे लावून. अन गाडी आली मागून, बपेऱ्याकडून. तवाच मले समजलं. संध्याकाळी मी पुसून टाकलं."

"आणि माझा नवरा?"

"त्याहिचं मनातच नाही आलं. खरं सांगते. मनात एकच होतं, मामाजीले समजलं तं ते मले कोणत्या डोळ्यानं पाहतील?"

ओसरीवरून कोणीतरी कामिनीला हाक मारली. रुचिका उठली. "उद्या अकराला बैठक आहे. मी नकाशा दाखवणार. नाव विचारलं तर काय करीन, मला माहीत नाही."

घरी कुंदननं सगळं ऐकून घेतलं आणि ताट सरकवलं. "माझं नाव घ्यायले कोणी मागंपुढं पाह्यलं का? पानठेल्यावर होता म्हणे! तू तिचं नाव घे."

"तिचं घर मोडेल."

"अन आपलं?"

६

बैठकीत पाच माणसं होती. रुचिकानं लॅपटॉपवर एकेक तारीख दाखवली: बारा जुलैला फाटक जोडलं, एकवीसला नकाशा मोबाईलमध्ये उतरला, पाच ऑगस्टला फाटक पुसलं, सहाला मोतीलालभाऊंनी नवा नकाशा उतरवला. मोतीलालभाऊ चष्मा लावून वाचत होते.

"म्हणजे डायवर खरं बोलून राहिला," त्यांतला एक म्हणाला.

"दमानं," मोतीलालभाऊ म्हणाले. "हे खातं कोणाचं?"

"आमच्या गटाचं."

"गटाले बोटं असतात का, वहिनी? लिवलं कोणी?"

रुचिकानं लॅपटॉप त्यांच्याकडे अजून थोडा सरकवला.

"पाहा. खातं तुमचं, नवरा तुमचा. उद्या कोणी म्हणलं, नवऱ्याले वाचवाले बायकोनंच बसल्या बसल्या हे तयार केलं, तं मी काय सांगू? मले नाव पाहिजे. माणूस पाहिजे, जो म्हणंल, हो, मी केलं. नाही तर हे नुसतं टीव्हीवरचं चित्र आहे."

"तारखा बदलता येत नाहीत, भाऊ."

"तुम्हाले माहीत. मले नाही."

मोनू मांडीवर चुळबुळला. कुंदन खिडकीशी उभा होता, चावी मुठीत आवळलेली. माझं नाव लिहा, असं म्हणायचं तिनं रात्री ठरवलं होतं. आता कळत होतं, त्यानं कुंदन सुटत नाही, उलट अडकतो. एकच नाव त्याला सोडवणार होतं. तिनं तोंड उघडलं. पहिलं अक्षर ओठांपर्यंत आलं.

"मी लिवलं."

दारात कामिनी उभी होती. पदर डोक्यावर, पण चेहरा उघडा. तिच्यामागे यादोराव.

"मीच टाकलं न मीच पुसलं," ती म्हणाली. आवाज कापत होता, शब्द नाही. "डायवरभाऊचा दोष नाही. ते कुठी थांबले नाही. मी रस्ता बंद केला होता."

मोतीलालभाऊंनी चष्मा काढला. "यादोराव, तुमच्या सूनबाई काय म्हणून राहिल्या, ऐकलं का?"

"पहाटंच ऐकलं." यादोरावांनी कुंदनकडे पाहिलं, पहिल्यांदाच. "मी विचारलं होतं, गाडी उशिरा काहून आली. समजलं. याची चावी याच्यापाशी राहू द्या."

"अन तक्रार?"

"फाडा."

ते तसेच वळले आणि बाहेर गेले. कुंदननं मूठ उघडली; चावीचे दाते तळहातावर उमटले होते. रुचिका मोनूला उचलून दारापर्यंत आली. नाव घ्यायला आपण तोंड उघडलं होतं, हे कोणीच पाहिलं नव्हतं. तिला मात्र ते जन्मभर पुरणार होतं.

बाहेर भुरभुर सुरू झाली होती. यादोरावांनी मोटरसायकल सुरू केली. कामिनी चार पावलांवर, कंपाउंडच्या भिंतीशी उभी होती. पुढे यावं की भंडाऱ्याच्या बसथांब्याकडे जावं, हे तिला ठरवता येत नव्हतं. यादोराव तिच्याकडे पाहत नव्हते. इंजिनाचा आवाज बराच वेळ नुसताच चालू राहिला.

मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि मागं वळून न पाहता, हात मागे नेऊन, ओली झालेली मागची सीट पुसली.